लटकतं लोखंड

प्रिय ॲम्ब्रोज,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र तसंच केराच्या डब्यात टाकणार असशील तर माझं काही म्हणणं नाही. पण मुळात तू कुठलीही गोष्ट उघडून बघितल्याशिवाय टाकणारा नाहीस. बायकोने स्वतःच्या हाताने भरलेल्या डब्यातलं सँडविचसुद्धा वरचा पाव उचलून तपासायचास. त्या भरवशावर लिहितोय. चोवीस वर्षं झाली. पत्ता ब्रुकलिनच्या युनियनच्या ऑफिसातून मिळवला. तिथल्या बाईने आधी तीनदा विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?" मी म्हटलं, जोडीदार. ती म्हणाली, "कसले जोडीदार?" म्हटलं, लोखंडावरचा, शिकागोचा. मग म्हणाली, "ते आता फेरीबोटीवर असतात, दोर बांधतात. सुखात आहेत." ते सुखाचं मी विचारलंही नव्हतं. तिने आपणहून सांगितलं, बरं वाटलं.

आज रविवार आहे. ल्यूसील चर्चमधून परस्पर तिच्या बहिणीकडे जेवायला गेलीय आणि मी स्वयंपाकघरात कॉफी घेऊन बसलोय. उद्या सकाळी सहा वाजता मी एकसष्टाव्या मजल्यावर असायला हवा. खांबाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझी जोडीदार योलांडा. तिथे जायचं की नाही हे मला आज संध्याकाळपर्यंत ठरवायचंय. तीन आठवड्यांपूर्वी वर एक गोष्ट घडली, ती मी कोणालाच सांगितलेली नाही. ल्यूसीललाही नाही. तिला वाटतं मी वयामुळे कुरकुरतोय. थकलोय मात्र खरा. झोपून उठलं तरी थकवा जात नाही, सुट्टीच्या दिवशी तर जास्तच वाटतो.

आधी कामाचं सांगतो, म्हणजे जरा हात चालेल. इमारत नदीच्या दक्षिणेकडच्या फाट्यावर आहे, चौसष्ट मजली, आणि चक्क पोलादाची. हे तुला मुद्दाम सांगायला हवं, कारण आपल्या शहरात हल्ली जे उठतंय ते बहुतेक काँक्रीटचं. खाली पंप लावतात, नळीतून चिखल वर चढवतात आणि आठवड्याला दीड-दोन मजले ओततात. ज्या शहराने जगाला पोलादाचा सांगाडा उभा करायला शिकवलं असं आपण छाती पुढे काढून सांगायचो, तिथे आता लोखंडवाले दोन-दोन वर्षं घरी बसतात. तुमच्याकडे अजून पोलाद चालतं असं ऐकतो. पण तुमच्याकडच्या त्या नव्या पेन्सिली! फोटोत बघतो मी. एवढ्याशा जागेवर एवढी उंची, वर चाळीस-पन्नास घरं, आणि त्या घरांचे मालक म्हणे वर्षातून पंधरा दिवस येतात. वारा लागून झुलायला लागू नये म्हणून माथ्यावर शेकडो टनांचं वजन टांगतात. तू असतास तर म्हणाला असतास, "इतकं करून राहणारं कोणी नाही, मग झुलू दे की तिला!"

आठवतं, जेवणाच्या सुट्टीत आपण दोघं यावरून कसे भांडायचो? गर्डरवर पाय खाली सोडून बसायचं, मधे तुझा थर्मास, आणि तू सुरू करायचास, "ब्रूनो, तुमच्या शहराखाली चिखल आहे रे, निव्वळ चिखल! शंभर फूट खाली जाल तेव्हा कुठे दगड लागतो. आमच्या मॅनहॅटनला दोन फावडी मारली की खडक." मी म्हणायचो, "म्हणूनच तुम्हा लोकांची डोकी तशी झालीत." सगळी टोळी हसायची. खडकावर बांधणं ही काय मर्दुमकी नाही हे तुलाही ठाऊक, पण शिकागोवाल्यांसमोर कबूल करणार नाहीस. आणि माझं म्हणणं, आम्ही इमारतींच्या मधे आभाळाला जागा सोडतो, तुम्ही तेवढीही भाड्याने द्याल. खरं सांगू का, आता आम्हीही सोडत नाही. परवा पुलावरून बघत होतो. नदीला दोन्ही बाजूंनी काचा, काचेत समोरची काच, तिच्यात परत ही काच. विमानातून उतरलेल्या माणसाने पाटी वाचल्याशिवाय ओळखून दाखवावं आपण कुठल्या शहरात आलो ते.

ह्यूस्टनचं वर्ष आठवतं? दुपारी दोनला गर्डर असे तापायचे की हातमोज्यातून चटका बसायचा, आणि तू पाणी कमी न् शिव्या जास्त प्यायचास. तिथे कोणी कुठेही काहीही बांधतं. सपाट मैदानात मधेच पाच-पन्नास उंच इमारती, लग्नाला आलेले अनोळखी पाहुणे कोपऱ्यात उभे राहावेत तशा, आणि भोवती मैलभर गाड्या लावायच्या जागा. मग सॅन फ्रान्सिस्को. तिथे जोड इतके जाड की एका गाठीला वेल्डर दोन-दोन दिवस घ्यायचे, कारण जमीन हलली की इमारतीने मोडू नये, नुसती डोलावी. तू खाली बघून म्हणाला होतास, "जमीन हलते हे माहीत असून एवढं उंच बांधणारा माणूस एक तर शूर असतो नाही तर घरमालक." परवा जेवताना मी हे योलांडाला सांगितलं. ती इतकी हसली की तिच्या नाकातून कॉफी आली. कोणाचं वाक्य ते मात्र मी सांगितलं नाही. तुझी चोरी करायची मला सवयच आहे.

तुला आता रोज बोटीवरून अख्खं मॅनहॅटन समोर दिसत असेल, सकाळचं वेगळं, संध्याकाळचं वेगळं. हेवा वाटतो. आपण पंचवीस-तीस वर्षं वर काढली पण आपल्याला शहर असं कधी दिसलंच नाही. बुटांची टोकं दिसली आणि बोल्टांची भोकं दिसली. लोक विचारतात, वरून काय मस्त दिसत असेल ना! मी हो म्हणतो. कोण समजावत बसणार.

तुझ्याकडे शिकायला आलो तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो आणि मला सगळं येतं असं मला वाटायचं. तू माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, आजोबांपासून लोखंडावर चढणाऱ्या घरातला. तुमचं ते न्यूफाउंडलंडचं मासेवाल्यांचं गाव, तिथून ब्रुकलिन, तिथून कामामागोमाग शिकागो. पहिल्या दिवशी तू मला वर नेलंस, खांबावर थाप मारलीस आणि म्हणालास, "हे बघ पोरा, क्रेनला लटकलेलं लोखंड कधी धरू नये. वाटतं आधाराचं आहे, पण ते स्वतःच अधांतरी असतं. धरायचं झालं तर खांब धर. खांब कुठे जात नाही." मी मनात म्हटलं, एवढं काय शहाणपण शिकवतोय. आठ वर्षं आपण दोघांनी जोडारी म्हणून एकत्र काढली. एका टोकाला तू बोल्ट घालायचास, दुसऱ्या टोकाला मी, मधे वीस-तीस फुटांचा गर्डर, आणि आपल्याला एकमेकांशी बोलावंही लागायचं नाही. ल्यूसील म्हणायची, माझ्याशी लग्न कशाला केलंस, त्याच्याशीच करायचंस. रविवारी तू आमच्याकडे येऊन तो खारवलेला मासा उकळायचास, मग ती भर थंडीत सगळ्या खिडक्या उघडायची आणि तुला दारातूनच ओरडायची, "ॲम्ब्रोज, पुढच्या वेळी तू ये, मासा घरी ठेव!"

आता ते लिहितो, जे लिहायला बसलोय.

आपल्या धंद्यात एक रीत आहे, तुला मी काय सांगणार, तूच मला दाखवलीस. वर असताना कधी ना कधी प्रत्येकाला तो झटका येतो. काल धावत ओलांडलेला गर्डर आज ओलांडवत नाही. माणूस जिथे असेल तिथे बसतो आणि खांबाला कवटाळतो. अशा वेळी जोडीदाराने जायचं, त्याच्या मागे बसायचं आणि भलतंच काहीतरी बोलायचं. बेसबॉल, सासू, काहीही. मग सावकाश त्याच्याबरोबर शिडी उतरायची आणि मुकादमाला सांगायचं, याचं पोट बिघडलंय. मुकादमाला कळतं, टोळीला कळतं, आणि कोणी अवाक्षर काढत नाही. त्या माणसाला खाली मालाच्या गाड्या उतरवायचं काम मिळतं, त्याची अब्रू शाबूत राहते. तो टेनेसीचा ताडमाड गडी आठवतो? त्याच्या मागे वीस मिनिटं बसून तू त्याला मासे कसे खारवतात ते सांगत होतास. खाली आल्यावर तो म्हणाला, मला आयुष्यात मासे खायचे नाहीत. पण आला खाली.

आणि तुझी पाळी आली तेव्हा मी काय केलं? ऑक्टोबर होता, तळ्यावरचा वारा होता, अडतिसावा मजला होता. क्रेनने गर्डर आणला, मी माझ्या टोकाला तयार, आणि बघतो तर तू आधी जोडलेल्या गर्डरवर बसलेला, खांबाला दोन्ही हातांनी मिठी, गाल लोखंडाला टेकलेला. तू बेचाळीसचा होतास. मी दहा पावलांवर होतो. दहा पावलं मी दिवसातून दोनशे वेळा चालायचो. आणि तिथून मी उचलली जीभ लावली टाळ्याला. सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा ओरडलो, "काय ॲम्ब्रोज, खाली तुझ्या आईला निरोप धाडू का? दूध पाजायला येईल!" सगळे हसले. ते हसले म्हणून मी अजून दोन-तीन टाकली, ती लिहवत नाहीत. चाळीस मिनिटं तू तसाच बसला होतास आणि मग एकटा उतरलास, एकेक पायरी मागे पाय चाचपत. कोणी तुझ्याबरोबर गेलं नाही. जायचं होतं ते मी, आणि मी नाही गेलो म्हटल्यावर दुसरं कोण जाणार. दुपारी तू हत्यारांचा पट्टा, पाने, सगळं उचलून निघून गेलास.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की गंमत होती, तुझीच चामडी पातळ. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, दुसरं काय! खरं असं की तुझा तो चेहरा पाहिला आणि वाटलं, याच्याजवळ गेलो तर मी पण शेजारी मिठी मारून बसेन. म्हणून लांबूनच दगड मारला. दगड मारणाऱ्याकडे कोणी बघत नाही, सगळे लागलेल्याकडे बघतात.

त्यावरही मी थांबलो नाही. डिसेंबरात त्या इमारतीचा शेवटचा गर्डर चढवायचा होता. पांढरा रंग दिलेला, वर फरचं लहानसं झाड बांधलेलं, शेजारी झेंडा. टोळीतल्या प्रत्येकाचं नाव त्यावर लिहायचं ही आपली पिढ्यानपिढ्यांची रीत, आणि ब्रश माझ्या हातात होता. आपली टोळी सहा जणांची. मी पाच नावं लिहिली. रूडी तेव्हा नवा होता, तो म्हणाला, "अहो, एक राहिलं ना?" मी म्हटलं, जागा नाही. ॲम्ब्रोज, चाळीस फुटांचा गर्डर होता तो. आणि मान वर केली तर रस्त्याच्या पलीकडे बसथांब्यावर तू उभा. रविवारचा कोट घातलेला. एक बस आली, गेली. दुसरी आली, गेली. तू चढला नाहीस. गर्डर वर जाताना तू टोपी काढलीस. मला तू दिसला होतास, आणि मी दिसत नसल्यासारखं केलं. माफ कर. हे सांगायला चोवीस वर्षं लागावीत असं त्यात अवघड काही नव्हतं. पण लागली.

तू गेलास आणि मग माझी एक वेगळीच पंचाईत झाली. तुला हसल्यानंतर मला खाली उतरायची सोय राहिली नाही. दोनदा मुकादमकी देऊ केली त्यांनी, मी नाही म्हटलं. गुडघे गेले, डॉक्टर म्हणाले खालचं काम बघा, तरी नाही म्हटलं. आज सत्तावन्नाव्या वर्षी या शहरात जोडारी म्हणून वर चढणारा बहुधा मी एकटाच असेन. पोरं माझी उदाहरणं देतात, म्हातारा काय चिवट आहे बघा! ऐकून मान हलवतो झालं.

आता योलांडाबद्दल. योलांडा प्रुइट, छत्तीस वर्षांची, साउथ साइडची, दोन मुली, नवरा नाही. चार वर्षं माझी जोडीदार आहे. कामाला तू होतास तशी, आणि बोलायला तुझ्यापेक्षा दोन पावलं पुढे. मला म्हाताऱ्या म्हणते. रोज माझा डबा बघून विचारते, "आज परत सॉसेज? तुझं रक्त आता पोलिश राहिलं नाही, नुसतं डुकराचं झालंय." हल्ली आम्हाला सुरक्षापट्टे लावावेच लागतात. तुझ्या वेळी पट्टा लावणाऱ्याला लोक हसायचे, आता न लावणाऱ्याला घरी पाठवतात. ही एक गोष्ट तेवढी सुधारली आणि तिच्यामुळेच आज मी हे लिहायला बसलोय.

तीन आठवड्यांपूर्वी, सत्तावन्नाव्या मजल्यावर, हवा अगदी शांत. क्रेनने गर्डर आणला, माझं टोक माझ्यासमोर आलं, आणि मला एकदम खालची नदी दिसली. कधी दिसत नाही, त्या दिवशी दिसली. उजव्या हाताला खांब होता. आणि मी काय धरलं असेल? लटकतं लोखंड. पहिल्या दिवशी शिकवलेला पहिला धडा. दोन्ही हातांनी गर्डरला मिठी मारली, माझं सगळं वजन त्यावर टाकलं. माझं टोक दबलं, तिकडचं टोक उसळून योलांडाच्या अंगावर गेलं. तिने मागे उडी घेतली. पाय सुटले. पट्ट्याला लटकत ती चार-पाच सेकंद हवेत होती, मग तिने खांब गाठला आणि स्वतःच स्वतःला वर घेतलं. पट्टा नसता तर, असं मी त्या दिवसापासून रोज शंभरदा म्हणतो आणि वाक्य पुरं करत नाही.

रूडी आता आमचा मुकादम आहे, तोच, एक राहिलं म्हणणारा. तो धावत आला, "काय झालं, काय झालं?" योलांडा धापा टाकत होती. माझ्याकडे बघितलंही नाही तिने. म्हणाली, "वाऱ्याचा झोत आला एकदम." त्या दिवशी सकाळपासून धूरसुद्धा सरळ वर जात होता. रूडीने वर बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "सांभाळा." जेवताना ती नेहमीसारखी सॉसेजवरून बोलली. डब्याचं झाकण मात्र तिला लावता येत नव्हतं. मी लावून दिलं.

त्यानंतर मी रोज सकाळी गाडीत पंधरा मिनिटं बसतो. मग उतरून गाडीच्या मागे ओकतो, तोंड धुतो, च्युइंगगम तोंडात टाकतो आणि हसत लिफ्टकडे जातो. आता मनाचा हिशेब ऐक कसा होता तो. काम आठ दिवसांचं राहिलंय. फक्त आठ दिवस. दात आवळून तेवढे काढले की शेवटचा गर्डर चढेल, फोटो निघतील, सगळे पाठीवर थापा मारतील आणि मी ताठ मानेने निवृत्त होईन. कोणाला काही कळणार नाही. आठ दिवसांत काय होणार आहे! आधी महिना होता, तेव्हाही असंच म्हणत मी तीन आठवडे ढकलले. त्या तीन आठवड्यांत योलांडा रोज माझ्यासमोर उभी होती, आणि आता ती बोल्टाकडे बघण्याआधी माझ्या हातांकडे बघते.

शुक्रवारी कामावरून सुटल्यावर ती माझ्या गाडीपाशी आली. हेल्मेट काखेत, अजून धुळीने माखलेली. म्हणाली, "ऐक म्हाताऱ्या. एकदा मी सगळं वाऱ्यावर घातलं. वारा बिचारा बोलत नाही. दुसऱ्यांदा नाही घालणार. सोमवारी तू वर आलास तर मी खाली थांबणार, आणि रूडीने विचारलं का, तर मला सांगावं लागेल. मला चुगली करायला लावू नकोस. माझ्या दोन पोरी आहेत. मी त्यांना रोज संध्याकाळी सगळीच्या सगळी परत मिळते, तसं ठरलंय आमचं." मी म्हटलं, आठच दिवस गं. ती म्हणाली, "आठ सेकंद पण नाही." मग जायला निघाली आणि परत वळून जरा हळू आवाजात म्हणाली, "पोट बिघडलं म्हण. तुम्ही लोक तसंच म्हणता ना? मी मान हलवीन. सगळेच हलवतील."

बघ, किती सोपं करून दिलं पोरीने. रूडीही मान हलवेल. तो भला माणूस आहे, मला खाली गाड्यांवर लावेल, शेवटच्या दिवशी ब्रशही माझ्याच हातात देईल. काल दिवसभर मी तेच म्हणायचं ठरवलं होतं. ल्यूसीलबरोबर बाजारात गेलो, बटाटे घेतले, जिना झाडला, आणि मनात सारखं, पोट बिघडलंय रूडी, पोट बिघडलंय. पण ते काही केल्या तोंडात बसेना. ते पांघरूण आपल्या लोकांनी एकमेकांसाठी ठेवलेलं आहे आणि तुझ्या पाळीला मी ते भर मजल्यावर तुझ्या अंगावरून ओढून काढलं. तेच आता स्वतः ओढून घेऊन बसू? तू म्हणशील, बस की, मी कुठे बघायला येतोय. पण मला बसता येणार नाही. योलांडा चार वर्षांपूर्वी माझ्याकडे शिकायला आली तेव्हा मी पण तिला खांबावर थाप मारून सांगितलं होतं, तुझंच वाक्य, तुझं नाव न घेता. निदान तिला तरी खरं ऐकू दे.

तेव्हा ठरलं म्हणायचं. लिहायला बसलो तेव्हा पुरतं ठरलेलं नव्हतं. उद्या सहाच्या आधी मी लिफ्टजवळ जाणार, रूडी असेल, योलांडा असेल, सगळी टोळी कॉफी पीत उभी असेल, आणि त्यांच्यासमोर मला एक वाक्य बोलायचंय. दुपारपासून या ओट्यापाशी उभा राहून ते मोठ्याने म्हणायचा प्रयत्न करतोय. अर्ध्यावर येऊन परत पहिल्यापासून सुरू करतो. आयुष्यात ते कधी कोणासमोर म्हटलेलं नाही, त्याचा हा परिणाम. मग वाटलं, पहिल्यांदा ते त्यांच्यासमोर म्हणण्यात काही अर्थ नाही. ज्याच्यासमोर म्हणायला मला सगळ्यात जास्त लाज वाटेल असा माणूस जगात एकच आहे, आणि तो फेरीबोटीवर दोर बांधतो. पत्र तुला मिळेल तोवर बुधवार-गुरुवार होईल, इथे सगळ्यांना कळून चुकलेलं असेल. तरी आधी तुला सांगितलं, एवढं लक्षात ठेव. ॲम्ब्रोज, मला वर भीती वाटते. तीन आठवड्यांपासून नाही. तू खांबाला मिठी मारून बसला होतास ना, त्या दिवसापासून, रोज. हातातलं काम आटोपलं की निवांत बस आणि पोट धरून हस. चोवीस वर्षांचं हसू आहे, घाई करू नकोस.

तुझाच,
ब्रूनो